मास्तरांची झाकणं

आदल्या दिवशी बाबांनी खळीचा ब्रश चहाच्या कपात बुडवला. हे अधूनमधून व्हायचंच. एका हाताशी खळीचा डबा, दुसऱ्या हाताशी कप आणि नजर तिसरीकडेच. आईने लेबलं चिकटवता चिकटवता पाहिलं आणि म्हणाली, "प्या आता तोच. आतून घट्ट बसाल. निदान उद्या उठून कुठे जाणार तरी नाही."

"पिठाचीच खळ आहे. पौष्टिक असते," बाबा म्हणाले आणि खरोखरच एक घोट घेतला. खळ शिजवणाऱ्या मावशी हसता हसता खाली बसल्या. कटिंगवाले काका मशीन थांबवून म्हणाले, "मास्तर, चव कशी आहे ते सांगा, नाहीतर उद्यापासून डबा आणायचा बंद करतो."

मी सुटी घेऊन घरी आले होते. घर वर, कारखाना खाली. कारखाना म्हणायचं एवढंच. दोन खोल्या, एक कटिंग मशीन, लांब टेबल आणि ही चार माणसं. आमचा धंदा खोक्यांचा. जाड पुठ्ठा कापायचा, कोपरे दुमडायचे, खळ लावून वरून कागद चढवायचा. तळ वेगळा, झाकण वेगळं. सेंटची बाटली, पेन, अंगठी असल्या नाजूक वस्तूंची खोकी, जी लोक वस्तू संपल्यावरही फेकत नाहीत, बटणं ठेवायला वापरतात. सगळी मदार झाकणावर. बाबांची कसोटी अशी होती की झाकण तळावर टेकवायचं आणि हात काढून घ्यायचा. ते स्वतःच्या वजनाने, आतली हवा सोडत, सावकाश खाली आलं पाहिजे. धप्पकन पडलं तर सैल. मध्येच अडकलं तर घट्ट.

ही कसोटी ते प्रत्येक खोक्याला स्वतः लावत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. आईलाही नाही.

त्या दुपारी एक बाई आल्या. सुवासिक मेणबत्त्या बनवत होत्या, नुकताच जम बसत होता. नमुन्याची बरणी टेबलावर ठेवून त्यांनी मोठी ऑर्डर सांगितली. बाबांनी बरणी हातात फिरवून पाहिली, तिचं कौतुक केलं आणि म्हणाले, "नाही जमणार, बाई. माझे हात दोनच."

"आणि ह्या सगळ्यांचे?"

"ते कामाचे. तपासायचे माझे."

बाई बरणी उचलून गेल्या. त्या गल्लीत पोचल्या असतील-नसतील, तोच फोन वाजला. सेंटवाले शेठ. आमचं सगळ्यात जुनं, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. बाबा पहिल्या घंटेलाच फोन उचलत. शेठचा आवाज मला टेबलाच्या ह्या टोकालाही ऐकू येत होता. "मास्तर, झाकणं परत घट्ट झालीत हो. उद्या सकाळी येऊन जाता का?"

"येतो की," बाबा म्हणाले.

हे फुकटचं काम होतं. गोदामात जमिनीवर बसून एकेक खोकं उघडायचं, आतली कड बारीक पॉलिश पेपरने घासायची, झाकण परत बसवून बघायचं. आई म्हणाली, "अहो, मागच्याच महिन्यात गेला होता ना?" बाबांनी चहाचा कप धुवायला उचलला. बोलणं संपवायची ती त्यांची पद्धत होती.

सकाळी ते गेले. दुपारी शेठच्या माणसाचा फोन आला. बाबा बसल्या जागीच गेले होते. मांडीवर खोकं तसंच होतं, असं तो म्हणाला. हे त्याने का सांगितलं कोण जाणे. मला ते अजून दिसतं.

*

व्यापारी संघटनेने शोकसभा घेतली. शेठ पांढऱ्या शर्टात आले, बाबांच्या फोटोला हार घातला आणि माईकसमोर उभे राहिले. मग ते म्हणाले, "शेवटी शेवटी मास्तरांचा हात साथ देत नव्हता. माल परत करावा लागायचा. पण मी दुसरीकडे गेलो नाही. म्हटलं, माणूस आपला आहे, शेवटपर्यंत सांभाळायचा."

लोकांनी माना हलवल्या. माझ्या शेजारचा एकजण म्हणाला, "मोठ्या मनाचा माणूस." आई मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती. मीही बसून राहिले. आमच्या घरात सगळ्यांना गप्प बसता येतं.

बाबांची पिशवी गोदामातच राहिली होती. ती आणायला मी दोन दिवसांनी गेले. शेठच्या माणसाने मला आत सोडलं आणि तो दाराशीच थांबला. मागच्या भिंतीशी खोकी छतापर्यंत रचली होती. पिशवी त्यांच्यापाशीच होती. वाकून उचलताना तोल गेला म्हणून मी भिंतीला हात टेकला. हात ओला झाला. भिंत वरपासून खालपर्यंत पाझरत होती, रंगाचे फुगे आले होते, चुना सुटत होता. भिंतीलगतचं एक खोकं काढलं. पुठ्ठा फुगला होता, झाकण निघेना. मग दाराजवळच्या मांडणीवरचं एक काढलं. त्याच खेपेचं, त्याच कागदाचं. झाकण टेकवलं, हात काढला. ते सावकाश, हवा सोडत खाली आलं.

बाबांचा हात शेवटपर्यंत शाबूत होता. ओली भिंत शेठची होती. आणि ह्या माणसाने भर सभेत, हार घालून, ती बाबांच्या नावावर टाकली होती.

मी ठरवलं की हे शब्द त्याला त्याच्याच तोंडाने परत घ्यायला लावायचे. लोकांसमोर.

*

सुडाची पुस्तकं मी भरपूर वाचली आहेत. मी ग्रंथालयात काम करते, वाचायला तोटा नसतो. त्या पुस्तकांत माणसं तलवार काढतात, विष घालतात, वर्षानुवर्षं वेश पालटून फिरतात. भाव वाढवणारं कुणी मला आठवत नाही.

रजा वाढवून घ्यायला ग्रंथालयात गेले तेव्हा परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात एक असंच पुस्तक होतं, धंदा वाढवा छापाचं. असली पुस्तकं मीच नोंदवते आणि कधी उघडत नाही. त्या दिवशी उभ्या उभ्या उघडलं. लहान धंदेवाल्यांनी टाकून द्यायच्या सवयींवर अख्खं प्रकरण होतं. सगळं स्वतःच करायचं, कुणावर सोडायचं नाही. एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहायचं. ओळखीपोटी जुनाच भाव चालू ठेवायचा. कुणी हाक मारली की हातातलं टाकून धावायचं. चूक आपली नसली तरी निस्तरून द्यायची. लेखक बाबांना कधी भेटला नव्हता, पण समोर बसवून चित्र काढावं तसं त्याने लिहिलं होतं. वाचताना माझा चेहरा असा काही झाला असावा की सोबत काम करणाऱ्या बाईंनी पाणी आणून दिलं.

मला धंदा वाढवायचा नव्हता. कॉलेज संपल्यावर एकदा म्हटलं होतं बाबांना, मी खाली कामाला येते म्हणून. "नको. तू वाच," ते म्हणाले आणि विषय संपला. आता मला हत्यार हवं होतं. ते त्या प्रकरणात होतं, कारण त्यातली एकेक सवय कुणाच्या तरी फायद्याची होती आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा एकच माणूस होता. बाबांची प्रत्येक सवय मोडायची म्हणजे शेठचा एकेक आधार काढून घ्यायचा.

पहिल्यांदा बाबांचं तपासायला बसायचं स्टूल वर घरात नेऊन ठेवलं, म्हणजे त्यावर कुणी बसायला नको. मीही नाही. सुताराकडून प्रत्येक मापाचे लाकडी ठोकळे करून घेतले. झाकण ठोकळ्यावर बसवून बघायचं, मग खोक्यावर. तपासणी मावशी आणि काका दोघांवर सोपवली. मावशींना घाम फुटला. "मला नको ग बाई. मास्तर वरून बघतील."

"बघू देत की. तुम्ही तपासा."

मेणबत्तीवाल्या बाईंना मीच जाऊन भेटले. पहिला माल गेला आणि त्यातली बरीच झाकणं सैल म्हणून परत आली. मावशी पदराआड रडल्या. माझे हात शिवशिवत होते, सगळं हिसकावून घेऊन स्वतः करावं असं वाटत होतं. तेव्हा कळलं, बाबांची ती सवय माझ्याही अंगात होती. मी हात मागे बांधून उभी राहिले. दुसरा माल परत आला नाही. तिसऱ्याच्या वेळी मावशी काकांना झाकणावरून दम देत होत्या. "हे काय? धप्पकन पडतंय. घरी बायकोपुढे असंच करता का?" काका म्हणाले, "तिच्यापुढे मी अडकतो."

दारावर कामाची वेळ लिहिली. फोन वेळेनंतर वाजला तर वाजू दिला. आईला ते जड गेलं. फोन वाजला की तिचा हात लेबलावरच थांबायचा. "शेठचा असेल," ती म्हणायची. "असेल," मी म्हणायची. फोन वाजून वाजून थांबायचा आणि मला गोड वाटायचं. खोटं कशाला बोलू.

शेवटी एकदा मी शेठना कामाच्या वेळेत सापडले. "अगं बाळ, किती फोन केले. झाकणं घट्ट झालीत, कुणाला तरी पाठव. आणि नवीन सेंट काढतोय, त्याची खोकी आठवड्यात पाहिजेत."

"घासायला कुणी येणार नाही. माल आमच्या दारात तपासून घ्यायचा. आणि आठवड्यात नाही होणार, रांग आहे." मग भाव सांगितला. मेणबत्तीवालीला सांगितला होता तोच.

ते हसले. "मी घरचा माणूस आहे, बाळ."

"घरच्यांकडून आम्ही पैसे घेत नाही, शेठ. तुम्ही गिऱ्हाईक आहात."

लहानपणापासून मी त्यांना काका म्हणायची. बहुतेक तो 'शेठ' पोचायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "बघतो मग दुसरीकडे."

"बघा."

मला नेमकं हेच हवं होतं. ते मशीनवर खोकी बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याकडे गेले. मशीनचं माप चोख असतं, पण त्यात श्वास घ्यायला जागा नसते. ती खोकी त्या भिंतीशी रचली की काय होणार हे मला ठाऊक होतं. मी भिंतीबद्दल चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी हवेत दमटपणा आहे का एवढं मात्र खिडकी उघडून बघायची.

नव्या सेंटच्या समारंभाला मेणबत्तीवाल्या बाईंना आमंत्रण होतं. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम कारखान्यात आल्या. "शेठ स्टेजवर आले. भाषण झालं. खोकं हातात घेतलं आणि झाकण निघेना. आधी हसले. मग नखं लावली. मग दोन्ही हातांनी ओढलं, तर खोकं फाटलं आणि बाटली उडून पहिल्या रांगेत."

"फुटली?" मावशींनी विचारलं.

"फुटली तर. सगळ्या हॉलभर वास." त्या थोडं थांबल्या. "वास छान होता पण."

बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा पोट धरून हसले. ते हसू चांगल्या जातीचं नव्हतं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लेबलात मान घातली.

*

मग शेठ स्वतः आले. इतक्या वर्षांत ते आमच्या दारात कधी आले नव्हते, बाबाच जात. सकाळची वेळ, काम भरात होतं. त्यांना बसायला बाक दिला. बाक खळीच्या भांड्याजवळ होता. तिथे वाफ येते आणि कपड्यांना आंबूस वास लागतो. मी हातातली मापं पूर्ण करून मगच त्यांच्याकडे वळले.

"वाढवलंस की सगळं," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. नवी दोन माणसं टेबलापाशी होती, मागच्या खोलीत दुसरं मशीन लागलं होतं. "मास्तरला हे जमलं नसतं."

"काय काम काढलंत?"

"खोकी पाहिजेत. तू म्हणशील तो भाव. पैसे आधी देतो. मशीनवाल्याने वाट लावली माझी."

"त्याची खोकी चांगली असतात."

"कसली चांगली? सगळी झाकणं घट्ट."

"आमच्यासारखी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, मी गोदामात जाऊन पिशवी नेली होती हे त्यांना तेव्हा आठवलं असावं. त्यांनी रुमाल काढून मान पुसली.

"शेठ," मी म्हणाले, "तुम्ही सभेत म्हणालात बाबांचा हात साथ देत नव्हता. इथली माणसं त्या सभेत होती. त्यांना सांगा काय झालं होतं ते."

"आता ते कशाला उकरून..."

"तुम्हाला घाई आहे. मला नाही."

काकांनी मशीन बंद केलं. शेठ बाकावरून उठले. मोठा माणूस, पण त्या वाफेत त्यांच्या शर्टाची इस्त्री उतरली होती. "बरं," ते म्हणाले. "गोदामाची भिंत ओली आहे. पहिल्यापासून आहे. दुरुस्ती करायची म्हणजे सगळं रिकामं करावं लागलं असतं. खोकी चांगली होती. मास्तरांचा हात चांगला होता." मग मावशींकडे, काकांकडे बघून, "झालं?"

"झालं," मी म्हणाले. "खोकी मिळणार नाहीत."

"काय?"

"तुमची ऑर्डर आम्ही घेत नाही."

"अगं, मग मला बोलायला कशाला लावलंस?"

"ऐकायचं होतं."

इथपर्यंत सगळं मनासारखं झालं होतं. कित्येक दुपारी हे संवाद मी मनात म्हटले होते आणि त्यांनी जवळजवळ एक शब्द चुकवला नव्हता. ते दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यापाशी वळले. चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नव्हता.

"मी त्याला फसवलं असं वाटतं ना तुम्हाला, मॅडम? पहिल्यांदा आला तेव्हा तो त्याच भिंतीला पाठ टेकून बसला. उठला तर शर्ट ओला. त्याने मागे वळून भिंतीला हात लावला, माझ्यासमोर. मी म्हटलं, आता हा बोलणार. मी तयार होतो, खरंच. भांडण झालं असतं, मी थोडे पैसे दिले असते, भिंत बांधून घेतली असती. तो काय म्हणाला माहितीय? 'शेठ, संध्याकाळपर्यंत होतील.' मग मी तरी कशाला बोलू?"

ते गेले. त्यांच्या गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

"खोटं बोलतोय मेला," मावशी म्हणाल्या. "जाताना डंख मारून गेला."

मी आईकडे पाहिलं. तिने एक लेबल उचललं, खळ लावली, झाकणाच्या आत चिकटवलं, अंगठ्याने कडा दाबल्या. मग म्हणाली, "शर्टाच्या पाठीला चुना असायचा. तिकडून आले की दर वेळी. मी वेगळा भिजवायची."

"तुला माहीत होतं?"

"विचारलं एकदा. म्हटलं, अहो, गोदाम ओलं आहे तर सांगा त्यांना तसं. तर म्हणाले, असं तोंडावर म्हटलं तर शेठला वाईट वाटेल."

खळ उकळायला लागली होती. मावशींनी आच कमी केली. मी टेबलाची कड धरून उभी होते. इतके महिने मी शेठला हरवत होते, आणि हरवलंही होतं. त्याची ऑर्डर गेली, त्याची शोभा झाली, त्याने माझ्या दारात उभं राहून कबूल केलं. तरी आतला निखारा तसाच होता. तो शेठसाठी नव्हताच. स्टूल वर नेलं, फोन वाजू दिला, तपासणी दुसऱ्यांच्या हाती दिली, प्रत्येक वेळी मी कुणाला तरी दाखवत होते की बघा, असं करतात. बघणारा कोण होता तेही मला कळत होतं. नुसतं ते उच्चारता येत नव्हतं, कारण गेलेल्या माणसाबद्दल असं बोलत नाहीत, आणि आमच्या घरात तर असलेल्याबद्दलही बोलत नाहीत.

"आई," मी म्हणाले, "बाबा भित्रे होते."

तिचा अंगठा लेबलावरच थांबला. काकांनी मशीनकडे नेलेला हात मागे घेतला.

"त्यांच्यासारखा हात मी पाहिला नाही, आणि ते भित्रे होते. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं असं सगळे म्हणतात. येत होतं. मेणबत्तीवाल्या बाईंना म्हणाले, मला म्हणाले, तुला तर उठल्याबसल्या म्हणायचे. फक्त त्या माणसाला म्हणाले नाहीत. ओल्या भिंतीला पाठ लावून बसले, पण त्याला वाईट वाटू दिलं नाही. मला त्यांचा इतका राग येतो ना, की सकाळी डोळे उघडले की आधी तोच येतो. शेठचा नाही येत. त्यांचा येतो."

आई माझ्याकडे बघत होती. ती मला थांबवेल असं वाटलं. तिने थांबवलं नाही.

"आणि मला ते परत हवेत," मी म्हणाले. "सुधारून नकोत. तसेच. भित्रेच."